धबधब्याचा प्रश्न आता पुरे!

संपादक महोदय,

‘अ क्वाएट प्लेस’वरच्या या आठवड्यातल्या पत्रांत पुन्हा तोच प्रश्न आला : आवाजाच्या रोखाने झडप घालणारे प्राणी मोकाट असताना हे कुटुंब धबधब्यापाशीच का राहायला जात नाही? चित्रपट २०१८चा. पुढे त्याचा दुसरा भाग आला, २०२४मध्ये पूर्वकथाही आली. प्रश्न मात्र जागचा हलत नाही. भयपटांच्या वाटेला सहसा न जाणाऱ्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला तो पोरकट वाटतो. धबधब्याच्या गर्जनेत माणसाचा आवाज लपतो, हे बापच मुलाला तिथे नेऊन दाखवतो. म्हणजे ही युक्ती लेखकांच्या नजरेतून निसटलेली नाही. हिशेबच मांडायचा तर पुरता मांडावा. मका शेतात, धान्य कोठारात, आसऱ्याची जागा घराखालच्या तळघरात. धबधब्याकाठी पिकणार काय? पोटासाठी रोज शेतात यावेच लागणार असेल, तर मरण घरातून फक्त वाटेवर सरकले.

मुळात या चित्रपटातली भीती प्राण्यांपेक्षा घरकामात जास्त आहे, आणि पळवाटा मोजणाऱ्यांना नेमकी तीच दिसत नाही. वाटांवर वाळू अंथरलेली, पाय अनवाणी, न करकरणाऱ्या फळ्यांवर रंगाच्या खुणा, जेवण ताटाऐवजी पानांवर. एकदम मोठा आवाज करून दचकवण्याची सवंग युक्ती दिग्दर्शक जॉन क्रासिन्स्की यांनीही वापरली आहे, हे मान्य. पण लक्षात राहतो तो जिन्यातला खिळा. धुण्याचे गाठोडे ओढताना तो उभा राहतो आणि पुढे कळा सुरू झालेल्या आईचा पाय त्याच्यावरच पडतो. आई झालेल्या एमिली ब्लंट यांना तिथे ओरडायची सोय नाही. या भीतीला राक्षस लागत नाही. घर चालवणाऱ्या कुणालाही ती कळते.

धबधब्याहून वजनदार आक्षेप बाळाचा. श्वासाचा आवाजही महाग असलेल्या जगात मूल जन्माला घालणे हा बेजबाबदारपणा नव्हे का? आहेच. आवाज कोंडणारी पेटी आणि प्राणवायूचे नळकांडे तयार ठेवणाऱ्या आईबापांना तो कळत नाही असे थोडेच आहे! पण धाकटा मुलगा डोळ्यांदेखत गेल्यावर या घराने नुसते तगून राहणे नाकारले आहे. धोका शून्यावर आणायचा तर बाळ नको, खेळ नको, एकत्र जेवण नको. मग वाचवायचे कोणाला आणि कशासाठी? जगबुडीनंतरच्या कथेने हा प्रश्न विचारला नाही, तर उरते ती फक्त पळापळ.

आता खऱ्या तक्रारीकडे वळू. ध्वनिसंकलनासाठी ऑस्कर नामांकन मिळालेला हा चित्रपट जेमतेम ९० मिनिटांचा. कुटुंबातल्या कर्णबधिर मुलीच्या नजरेतून दृश्य दिसते तेव्हा पडद्यावरचा आवाज दबत जातो. तिचे कॉक्लिअर इम्प्लांट बंद झाले की पूर्ण शांतता. आपल्याकडे मात्र ९० मिनिटांच्या चित्रपटालाही मधोमध कापून मध्यंतर घुसडतात आणि कानठळ्या बसवणाऱ्या जाहिराती लावतात. खाद्यपदार्थ विकायचे आहेत म्हणून शांततेवर रचलेली कलाकृती तोडायची, हे कोणत्या तर्कात बसते? तिथे कुणी पळवाट शोधत नाही! त्या मुलीची भूमिका करणाऱ्या मिलिसेंट सिमंड्स स्वतः कर्णबधिर आहेत आणि त्यांच्या खाणाखुणांची भाषा आपल्याला कळावी म्हणून पडद्यावर मजकूर येतो. मराठी चित्रपटाला आलेल्या कर्णबधिर प्रेक्षकासाठी अशी सोय किती ठिकाणी असते? चित्रपटगृहांतील सुगम्यतेबाबत केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. चित्रपटगृहचालकांनी त्यांचे पुढे काय केले, हे आपल्या वार्ताहरांनी त्यांना विचारावे. धबधब्यावरची आणखी चार पत्रे छापण्यापेक्षा त्या जागेचा उपयोग जास्त होईल.

– एक वाचक, ठाणे