उष्णतेची वाहतूक : मोठ्या घरासाठी हीट पंप

मोठ्या कुटुंबाचे घर पहाटे जागे होते तेव्हा पहिली मागणी असते ती गरम पाण्याची. पूजेला जाणाऱ्यांचे स्नान, मुलांची शाळा आणि दुकान उघडण्याची वेळ, हे सारे दीड-दोन तासांत उरकायचे असते. प्रत्येक न्हाणीघरात एक गीझर आणि महिन्याच्या शेवटी फुगलेले वीजबिल ही व्यवस्था बहुतेक घरांत रुळलेली आहे. घराचे बांधकाम किंवा मोठी दुरुस्ती निघाली की अलीकडे हीट पंपाचा पर्याय पुढे येतो. मात्र या यंत्रातून होणारा लाभ त्याच्या किमतीपेक्षा ते कसे बसवले यावर अधिक अवलंबून असतो.

विजेचा गीझर उष्णता निर्माण करतो. हीट पंप ती बाहेरच्या हवेतून उचलून पाण्यात आणून सोडतो. त्याची रचना फ्रिजसारखीच असते, फक्त उपयोग उलट दिशेचा. व्यापारी कुटुंबांना हे तत्त्व सहज उमगावे. व्यापारी माल पिकवत नाही. जिथे तो मुबलक आहे तिथून उचलून जिथे त्याला मागणी आहे तिथे पोहोचवतो आणि खर्च सोसतो तो वाहतुकीचा. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्ये या तत्त्वावर इमारती उबदार ठेवता येतील, असे मांडले होते. झुरिचच्या नगरभवनात १९३८ मध्ये लिम्मत नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. आज नॉर्वे-स्वीडनमध्ये असंख्य घरे याच मार्गाने उबदार राहतात. महाराष्ट्रात घर तापवण्याची वेळ क्वचित येते, परंतु पाणी रोज तापवावे लागते. म्हणून येथे या यंत्राचे खरे काम न्हाणीघरापुरते आहे.

प्रथम हिशेब पाहावा. चौदा माणसांच्या घरात दिवसाला ५०० लिटर गरम पाणी लागते आणि ते २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचे आहे, असे धरू. त्यासाठी सुमारे २० युनिट उष्णता लागते. गीझरला तेवढीच वीज लागेल, किंबहुना थोडी अधिकच. एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता आणणाऱ्या हीट पंपाचे काम सुमारे ७ युनिटांत होईल. रोज १३ युनिटांची बचत, युनिटला दहा रुपये दर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वार्षिक बचत ३९,००० रुपये होते. गीझरांच्या तुलनेत यंत्राला लागणारा जादा खर्च या रकमेने भागावा. भांडवल किती वर्षांत सुटेल ते कळते. चौघांच्या घरात १०० लिटरच पाणी लागत असेल, तर हीच बचत वर्षाला आठ हजारांच्या आसपास उरते. अशा घराने घाई न करणेच हिताचे.

बसवताना तीन प्रश्न विचारावेत : उष्णता कुठून आणायची, किती उंच चढवायची आणि किती दूर न्यायची?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोकळी हवा हे आहे. यंत्र बंदिस्त खोलीत किंवा चारी बाजूंनी झाकलेल्या डक्टमध्ये ठेवले, तर आपणच थंड केलेली हवा ते पुन्हा ओढते आणि त्याची कार्यक्षमता घसरते. गच्ची किंवा मोकळी बाल्कनी योग्य. हवा उबदार असताना काम स्वस्तात होते, म्हणून नाशिक-महाबळेश्वरच्या थंडीत पहाटेऐवजी दुपारी पाणी तापवून टाकीत साठवावे. पंखा आणि कॉम्प्रेसर आवाज करतात. यंत्र शयनगृहाच्या खिडकीपासून दूर, समतल चौथऱ्यावर आणि रबरी पॅडवर बसवावे. त्यातून ठिबकणारे पाणी वाहून जाण्याची सोय हवी.

दुसरा प्रश्न तापमानाचा. प्रत्येक चढत्या अंशाला अधिक वीज लागते. मात्र कोमट साठ्यात जंतू वाढू शकतात, म्हणून रोज ५५ अंश ठेवून आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांपर्यंत न्यावी. एवढे गरम पाणी काही क्षणांत भाजते. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरात थंड पाणी आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह बसवावा. हे पाणी उकळलेले नसते, हेही ध्यानी असावे. पिण्याचे पाणी गाळून वेगळे उकळण्याची घरची रीत तशीच चालू राहील.

तिसरा प्रश्न अंतराचा. टाकी गच्चीवर आणि न्हाणीघर तीन मजले खाली असेल, तर पाइपात उरलेले पाणी रोज थंड होऊन वाया जाते. गरम पाण्याच्या साऱ्या पाइपांना इन्सुलेशन असावे आणि हे काम भिंती बंद होण्यापूर्वी व्हावे. नंतर टाइल्स फोडाव्या लागतात.

काही गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. ५०० लिटरची टाकी भरल्यावर निव्वळ पाण्याचेच वजन ५०० किलो होते. जुन्या स्लॅबवर ती ठेवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घ्यावे. बोअरवेलचे पाणी जड असेल तर क्षाराचा थर साचतो. पाणी मृदू करण्याची सोय आणि टाकीतील ॲनोड रॉड वेळोवेळी बदलण्याची जबाबदारी ठरवावी. दाब सोडणारा व्हॉल्व्ह, स्वतंत्र एमसीबी, गळती ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी आणि योग्य अर्थिंग यांत काटकसर नको. कार्यक्षमतेचा आकडा हवेच्या आणि पाण्याच्या कोणत्या तापमानाला मोजला, हे विक्रेत्याकडून लेखी मागावे. सुटे भाग आणि दुरुस्ती गावातच मिळते का, हेही आधी विचारावे.

खोली उबदार करायची असेल, तर गरम-थंड अशा दोन्ही प्रकारे चालणारा एसी हाही हीट पंपच असतो आणि साध्या हीटरपेक्षा कमी विजेत काम करतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि बंद न्हाणीघरात गॅस गीझर मात्र कधीही चालवू नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो; स्नानाला गेलेले माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडते. ज्या घरात असा गीझर आजही आत आहे, तेथे हीट पंपाच्या खर्चाचा विचार सवडीने व्हावा. गॅस गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवण्याचे काम याच आठवड्यात व्हावे.