लोहचुंबकाची साक्ष

कन्येच्या विवाहाची भांडी घ्यावयास आम्ही इंदूरच्या बर्तन बाजारात गेलो, तेव्हा सौभाग्यवतींच्या पिशवीत एक लोहचुंबक होता. 'चुंबक चिकटला की स्टेनलेस खोटे' ही कसोटी त्यांना माहेरी मिळालेली. पातेल्याच्या बुडाला चुंबक चिकटेना; काठाजवळ मात्र तो किंचित ओढला गेला. झाले! वडिलांच्या काळापासून ज्यांचे आम्ही गिऱ्हाईक, त्या वृद्ध दुकानदारांना आम्ही चारचौघांत 'लबाड' म्हणालो आणि दुसरीकडून स्वस्त ताटे घेतली. त्यांना चुंबक कोठेच चिकटला नाही. वर्षाच्या आत मात्र लोणच्याच्या मिठाने त्यांवर तांबूस ठिपके उठले.

धातुशास्त्र शिकलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने हे कोडे उलगडले. पोलादात शेकडा साडेदहाहून अधिक क्रोमियम असले, की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर बसतो. ओरखडा उठला तरी प्राणवायू मिळताच तो पुन्हा सांधतो. गंज अडवितो तो हा थर. चुंबकाचा त्याच्याशी संबंध नाही. 1913 साली शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी सिद्ध केलेल्या पोलादात सुमारे 13 टक्के क्रोमियम होते, निकेल नव्हते. आमच्या कसोटीने ते आद्य स्टेनलेसच खोटे ठरले असते!

उत्तम भांड्यांच्या पत्र्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. निकेलमुळे अणूंची रचना बदलते; पत्रा लवचीक होतो आणि चुंबकाला दाद देत नाही. परंतु साच्यात दाबून त्याचे पातेले घडविताना बूड जवळजवळ तसेच राहते, काठाकडील भाग सर्वाधिक ताणला जातो. तेथे रचना अंशतः पालटते. धातू कठीण होतो व चुंबकाला थोडा ओढतो. हजार अंशांहून अधिक तापवून त्वरित थंड केल्यास तो पूर्ववत होतो. म्हणजे काठावरची ती ओढ हा घडणीचा व्रण होता, भेसळीचा पुरावा नव्हे.

उलट, महाग निकेल कमी करून मँगनीज व नायट्रोजन घातलेला पत्राही चुंबकाला चिकटत नाही. मात्र स्वस्त प्रकारांत क्रोमियमही कमी असते आणि मिठापुढे तो लवकर हार खातो. तेव्हा खरेदीच्या वेळी चुंबकापेक्षा '304' हा अंक पावतीवर लिहून मागावा, हे बरे.

चारचौघांत उच्चारलेला शब्द चारचौघांतच मागे घ्यावा, म्हणून आम्ही मुद्दाम गर्दीच्या वेळी त्या दुकानी गेलो. वृद्धांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "मास्तरसाहेब, त्या दिवशी विचारले असते, तर सांगितले असते."

चाळीस मुलांना 'आधी विचारा, मग बोला' असे बजावणाऱ्या आम्हांस यावर उत्तर सुचले नाही.