एकटी माणसं आणि इटालियनचा क्लास

रोमँटिक कॉमेडीचा एक ठरलेला साचा असतो. दोघंही देखणी, दोघांच्याही नोकऱ्या झकास, मध्ये एक फुसका गैरसमज आणि शेवटी विमानतळावर धावाधाव. या सिनेमांत कुणी एकटं नसतंच, फक्त सिंगल असतं. या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो नेमका कळलेला एक सिनेमा म्हणजे 'इटालियन फॉर बिगिनर्स'. लोन शेरफिग या डॅनिश बाईंचा, २००० सालचा. २००१ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला ज्युरीचं रौप्य अस्वलही मिळालं.

हा 'डॉग्मा ९५' वाला सिनेमा. लार्स फॉन त्रिअर आणि थॉमस विंटरबर्ग यांनी १९९५ साली स्वतःवरच काही नियम लादून घेतले होते. शूटिंग खऱ्या जागीच, कॅमेरा हातात, वेगळे दिवे नाहीत, मागाहून चिकटवलेलं संगीत नाही. ठरावीक पठडीतले सिनेमे तर करायचेच नाहीत! आणि शेरफिगबाईंनी या चौकटीत बसवली काय, तर चक्क प्रेमकथा. गंमत म्हणजे ती तिथे शोभते. माणसं ट्यूबलाइटखाली जशी दिसतात तशीच दिसतात. व्हायोलिन वाजत नाही, त्यामुळे कोण कुणाच्या प्रेमात पडतंय ते आपलं आपणच ओळखायचं.

गोष्ट घडते कोपनहेगनच्या एका उपनगरात. बायको वारलेला तरुण पाद्री नव्या चर्चमध्ये रुजू होतो. तो उतरतो त्या हॉटेलात यॉर्गन नावाचा बुजरा गृहस्थ काम करतो. यॉर्गनचा तोंडाळ मित्र स्टेडियममधलं रेस्टॉरंट चालवतो, आणि त्याला नोकरीवरून काढायचं काम नेमकं यॉर्गनच्याच गळ्यात पडतं. शिवाय दारुड्या, आजारी आईचं करणारी हेअरड्रेसर कारेन, आणि बेकरीत काम करणारी ओलिंपिया, जिच्या हातात काही म्हणजे काही टिकत नाही. ही मंडळी एकेक करून संध्याकाळच्या इटालियनच्या क्लासला येऊन टेकतात. मास्तर मध्येच हार्ट अटॅकने जातात, तर तोच तोंडाळ मित्र मास्तर होतो!

इटलीत नोकरी यांच्यापैकी कुणालाच करायची नाहीये. यॉर्गनला तेवढी जूलिया या इटालियन मुलीशी दोन शब्द बोलायचेत. बाकीच्यांचं काय? त्यांना आठवड्यातून एकदा कुठेतरी जायला हवं असतं, बस्स.

मला वाटतं, सिनेमाचा खरा मुद्दा इथेच आहे. आपण संगणकवाले एकटेपणाकडे सर्च प्रॉब्लेम म्हणून बघतो. वय, उंची, शहर, आवडीनिवडी टाका, फिल्टर लावा, आणि मॅच शोधा. मॅट्रिमोनी साइट्सपासून आजच्या डेटिंग अ‍ॅप्सपर्यंत सगळ्यांचं गृहीतक हेच. या सिनेमातल्या कुठल्याच दोघांना कुठल्याच फिल्टरने एकमेकांसमोर आणलं नसतं. अ‍ॅपवर पहिल्या भेटीतच दोघं एकमेकांना तपासत असतात. क्लासमध्ये सगळ्यांची नजर फळ्यावर असते. शेजारच्या माणसाकडे बघायची सक्ती नसते, आणि म्हणूनच तो हळूहळू दिसायला लागतो.

दुसरं म्हणजे नाव. 'बिगिनर्स'. तिथे सगळेच सारखे अडाणी. चुकायची परवानगी फीमध्येच मिळते. आणि भाषेच्या पहिल्या धड्यात असतं काय? तुमचं नाव काय, कुठे राहता, घरी कोण असतं, काय आवडतं. लाजऱ्या माणसाची आपल्या भाषेत जे विचारताना जीभ अडखळते, ते परक्या भाषेत गृहपाठ म्हणून बिनदिक्कत विचारता येतं.

सिनेमात खोट नाही असं नाही. योगायोग भरमसाठ आहेत. नायिकांच्या वाटेतले आईबाप लेखिका फारच सोयीस्कर वेळी मारून टाकते. शेवटी व्हेनिसची सहल आणि जोड्याही कशा टापटीप जमतात! खऱ्या आयुष्यात वर्षभर क्लास करून फक्त क्रियापदं हाती लागण्याचीच शक्यता जास्त.

पण तेवढं झालं तरी तोटा काय? आपल्याकडे पुण्यात जर्मन, जॅपनीजचे क्लास भरून वाहतात, पण आपण जातो ते ऑनसाइटसाठी, सर्टिफिकेटसाठी. ज्यातून काहीच मिळवायचं नाही अशी एकही ठरलेली संध्याकाळ आपल्या कॅलेंडरमध्ये नसते. प्रोजेक्ट संपला की टीम पांगते, फ्लॅट बदलला की रूममेट बदलतो, आणि घरून काम सुरू झाल्यापासून तर कॅन्टीनमधला चहाही गेला. मग रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून अंगठ्याने माणसं डावी-उजवीकडे सरकवत बसायचं.

तेव्हा सिनेमा बघाच. आणि नंतर एखादा क्लास लावा. तबला, कुंभारकाम, मोडी लिपी, काहीही चालेल. अट एकच: सीव्हीत लिहिण्यासारखं काही नको.