सेडान की एसयूव्ही? आधी रस्ता पाहा

हायब्रीड घ्यायची ठरली की घरात वाद ठरलेला: सेडान की उंच एसयूव्ही? होंडा सिटी घ्या किंवा टोयोटा हायरायडर, कंपनीच्या आकड्यांत दोन्ही हायब्रीड लिटरला २७ किमीच्या आसपास. एका किमीचा फरक धरला, तरी वर्षाच्या १०,००० किमीमागे जेमतेम १३ लिटर पेट्रोल. बॅटरीमुळे डिकीही दोन्हींची लहान. मग निर्णय रस्ता आणि गुडघे पाहून करा. किन्हवलीहून पावसाळ्यात खड्ड्यांतून शहापूर-मुरबाड करायचं असेल, सासूबाईंना खाली वाकून बसवत नसेल, तर उंच गाडीच घ्या. तो दिखावा नाही, गरज आहे. शहरातल्या दोघांना सेडान पुरे. शेजारणीची उंच म्हणून आपलीही उंच, हा मात्र परिग्रहच!