गुडघा दुखतोय? सायकल विकू नका, आधी सीट वर करा

सातारा-सांगलीतल्या सायकलवाल्यांनो, आणि सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनो,

हे आवाहन आत्ताच करण्याला कारण आहे. शाळा सुरू होऊन अडीच महिने झाले. श्रावण संपता संपता कासचं पठार फुलू लागेल आणि रविवारी पहाटे यवतेश्वरच्या घाटात सायकलींची रांग दिसेल. दरवर्षी या दिवसांत मोठ्या उमेदीने सायकल बाहेर काढलेली माणसं पंधरा दिवसांत गुडघा धरून बसतात. पुढे कुणी दुखणं दाबणारी गोळी खाऊन तसाच रेटत राहतो, तर कुणी सायकल माळ्यावर टाकून ‘आपलं वय झालं’ म्हणतो. या दोन्ही वाटांनी नुकसानच होतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. सायकलमुळे दुखणाऱ्या गुडघ्यांपैकी बहुतेक गुडघे मुळात आजारी नसतात. ती सायकल त्या माणसाच्या मापाला लावलेली नसते, किंवा तिच्यावर झेपेल त्याहून जास्त जोर लावला जात असतो. पान्हा आणि दहा मिनिटं एवढ्यावर जे सुटू शकतं, त्यासाठी सायकल सोडू नका.

गुडघ्याची वाटी मांडीच्या स्नायूच्या टोकाला बसलेली असते. विहिरीच्या रहाटावरून दोर फिरावा तसा तो स्नायू वाटीवरून ओढला जातो. पाय जितका जास्त दुमडलेला आणि त्या अवस्थेत जितका जोर जास्त, तितकी वाटी मागच्या हाडावर घट्ट दाबली जाते. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा जवळजवळ छातीकडे येतो आणि नेमका तिथूनच आपण जोर लावतो. साध्या बिनगिअरच्या सायकलवर दहा किलोमीटर म्हणजे प्रत्येक गुडघ्याला साधारण दोन हजार फेरे. सांगली ते मिरज एकदा जाऊन आलात की चार हजार. सीट दोन इंच खाली असेल, तर प्रत्येक फेऱ्याला ते दडपण वाटीवर येतं. एका फेऱ्यात काही होत नाही. महिनाभरात वाटीच्या पुढे किंवा भोवती ठणका सुरू होतो, जिना उतरताना कळ येते, मांडी घालून जेवायला बसलं की उठवत नाही.

म्हणून पहिली विनंती: आज संध्याकाळीच सीट तपासा. कुणाला तरी सायकल धरायला सांगा किंवा भिंतीला हात टेकवून सीटवर बसा. पायातली रोजची चप्पल किंवा बूट राहू द्या. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. कंबर एका बाजूला न कलता गुडघा जेमतेम सरळ झाला, तर उंची बरोबर. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा वाक उरतो, तोच हवा. टाच ठेवूनही गुडघा चांगलाच दुमडलेला राहत असेल तर सीट वर घ्या, पण एका दमात दोन इंच नको. अर्धा-एक सेंटिमीटर वर, चार दिवस चालवून बघायची, मग पुन्हा तेवढीच. सीटच्या पाइपावर कमाल उंचीची खूण असते, तिच्यावर पाइप ओढायचा नाही. आणि नट गच्च आवळायचा, नाहीतर खड्ड्याखड्ड्याला सीट खाली सरकते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथे आपल्याकडचा एक जुना समज आड येतो. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, तरच सायकल सुरक्षित, असं घराघरात सांगितलं जातं. नुकतं शिकणाऱ्या पोरासाठी ते ठीक आहे. वर्षभर सायकल चालवणाऱ्याला मात्र त्याची गरज नसते. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय खाली टेकवायचा. ही सवय दोन दिवसांत लागते.

आता आईवडिलांशी थोडं सविस्तर बोलायचंय, कारण मला सर्वांत जास्त काळजी मुलांची वाटते. सायकल जूनमध्ये घेतली जाते, दुकानदार त्या दिवशी मुलाला बसवून सीट लावून देतो, आणि पुढची तीन वर्षं ती सीट तिथेच राहते. मूल मात्र वाढत असतं. अकरा ते चौदा या वयात वर्षाला सहा-आठ सेंटिमीटर उंची सहज वाढते, तीही बरीचशी पायांत. आठवीतली मुलगी सहावीत लावलेल्या सीटवर बसून रोज पाच-सहा किलोमीटर जाते, पाठीवर दप्तर, कॅरिअरवर कधी धाकटा भाऊ. संध्याकाळी ती ‘गुडघा दुखतो’ म्हणाली की घरात उत्तर ठरलेलं: वाढीचं दुखणं असेल, तेल लाव. काही वेळा ते खरोखर वाढीशी निगडित असतं. साधारण दहा ते पंधरा वयात, वाटीच्या खाली नडगीच्या हाडाला जिथे स्नायूची दोरी चिकटते, तिथे हाड अजून कोवळं असतं. वारंवार ओढ बसली की तिथे सूज येते, टेंगूळ हाताला लागतं, दाबलं की मूल ओरडतं. वाढ पूर्ण झाली की हा त्रास बहुधा शमतो. पण तोवर त्यावर जोरजोरात मालिश करणं, रगडणं बंद करा. सीट वर घ्या, उड्या आणि चढ काही आठवडे कमी करा, खेळ पूर्ण तोडू नका. आणि मूल लंगडत असेल तर वाट पाहू नका. या वयात खुब्याच्या सांध्याचं गंभीर दुखणं अनेकदा गुडघ्यातच जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला म्हणून पालक निर्धास्त होतात आणि खुबा तपासायचा राहून जातो. डॉक्टरांना ‘खुबाही बघा’ असं स्पष्ट सांगा.

शाळांमधल्या खेळाच्या शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे. पीटीचा एक तास मैदानावर न घेता सायकल स्टँडवर घ्या. दोन पान्हे, थोडं तेल, एक हवेचा पंप. वर्गातल्या सगळ्या सीट तासाभरात लागतील. दर सहामाहीला एकदा हे झालं तरी पुरे.

सातारा आणि सांगली एका कृष्णेच्या काठचे जिल्हे, पण दोन्हीकडचे गुडघे वेगवेगळ्या कारणांनी दुखतात. साताऱ्यात चढ दारातच आहे. समर्थ मंदिर ओलांडलं की यवतेश्वरचा घाट सुरू, म्हणजे अंथरुणातून उठलेला थंड गुडघा थेट घाटाला लागतो. वाईकरांचं पसरणी घाटाशी तेच. कासला जायचं तर पंचवीसेक किलोमीटर आणि त्यातला कठीण चढ सुरुवातीलाच. तेव्हा घरातून निघालात की लगेच घाटाकडे वळू नका. आधी पंधरा मिनिटं पोवई नाक्याच्या बाजूने सपाटीवर हलक्या गिअरमध्ये पाय फिरवा, अंग गरम होऊ द्या. घाटात गिअर वाचवून ठेवण्यात काहीच मर्दुमकी नाही. पुढची लहान चकती, मागची मोठी चकती, आणि पाय हलका पण भरभर. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. सपाटीवर वीस यावा, घाटात पंधराच्या खाली जाऊ नये. खाली जातोय आणि गिअर संपलेत, तर उतरा आणि चालत ढकला. बिनगिअरच्या सायकलवर तर ढकलणंच शहाणपणाचं. परतताना पावसाळी वाऱ्यात गुडघे गार पडतात आणि खाली आल्यावर आपण एकदम जोर मारतो. उतारावर गुडघे झाका, अधूनमधून रिकामे पाय फिरवत राहा.

सांगलीकडे घाट नाही, पण तिथले गुडघे सुरक्षित आहेत असं कुणी समजू नये. तिथे वर्षानुवर्षं साचलेलं दुखणं आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार, डेअरीवर दुधाची किटली नेणारा, वैरणीचा भारा कॅरिअरला बांधून मळ्यातून येणारी बाई, यांच्या सायकलला एकच गिअर असतो. त्यात टायरमध्ये अर्धी हवा, गंजलेली चेन आणि समोरून वारा. कासला जाणाऱ्याला निदान सायकलचे चार ग्रुप सल्ला देतात. या माणसांना कुणी काही सांगत नाही, आणि त्यांची सायकल बंद पडली तर रोजगार बुडतो. म्हणून हे आवाहन वाचणाऱ्याने आपल्या दारात पेपर टाकणाऱ्या आणि दूध घालणाऱ्या माणसाच्या सीटकडे एकदा बघावं. टायरमध्ये पुरेशी हवा भरणं आणि चेनला पंधरवड्याला तेल देणं, एवढ्यानेही प्रत्येक फेऱ्यातला जोर कमी होतो. भारा बांधलेला असेल तेव्हा निघताना पहिली पन्नास पावलं सायकल चालत ढकला आणि मग बसा. जागच्या जागी जोर मारून सायकल उचलणं गुडघ्याला सगळ्यात महागात पडतं.

दुखणं नेमकं कुठे आहे, त्यावरून कारण बरंचसं ओळखता येतं. पुढे, वाटीपाशी दुखलं तर सीट खाली, सीट फार पुढे किंवा गिअर जड. गुडघ्याच्या मागे दुखलं तर उलट, सीट जास्त वर गेली किंवा फार मागे सरकली. बाहेरच्या बाजूला जळजळ होते तीही बऱ्याचदा सीट उंच असल्याने किंवा पावलं आत वळवून चालवल्याने. आतल्या बाजूला दुखलं तर पावलं बाहेर फाकवली जात आहेत का ते बघा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते समजणार नाही.

सीट लावल्यावरही दुखरा गुडघा लगेच शांत होईल असं नाही. दोन आठवडे अंतर निम्मं करा, चढ टाळा, पण पाय फिरवणं थांबवू नका. चालवून आल्यावर दुखत असेल तर फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा. चालवताना किंचित जाणवतं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवतं, तेवढं चालेल. सकाळीही तसंच असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू कमजोर असले की सगळा भार वाटीवर येतो, म्हणून रोज सतरंजीवर दहा मिनिटं द्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, सरळ पाय वीतभर उचलून पाच सेकंद धरायचा, उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका.

आणि गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधं डॉक्टरांनी मोजून दिली तर उपयोगाची आहेत. पण ती मनानेच रोज घेऊन सायकल चालवणं, तेही उन्हात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडाला आणि पोटाला धोक्याचं आहे. शिवाय दुखणं झाकलं जातं आणि आपण त्याच चुकीच्या सीटवर आणखी शंभर किलोमीटर जातो. बाजारात बिननावाच्या पुड्या मिळतात, तिसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो असं सांगतात. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. त्या घेऊ नका. घरात कुणी घेत असेल तर लपवू नका. एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

काही दुखण्यांत सीटचा विचारच करायचा नाही. पडल्यावर काही तासांत गुडघा फुगला, गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो, लाल आणि गरम होऊन ताप आला, रात्री दुखण्याने झोपमोड होते, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेवटच्या लक्षणात रक्ताची गुठळी असू शकते, तिथे मालिश अजिबात नको.

वयस्कांनी मात्र घाबरू नये. झिजलेल्या गुडघ्याला सायकल वर्ज्य आहे हा समज खोटा आहे. हलक्या गिअरवर, योग्य उंचीच्या सीटवर सायकल चालवणं हा सांध्यावर कमी भार टाकणारा व्यायाम आहे. अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी नियमित सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखी आणि सांध्याची झीज कमी आढळली. ती पाहणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. सायकलमुळेच गुडघे वाचले असं त्यावरून ठामपणे म्हणता येणार नाही, पण सायकलने गुडघे झिजतात या भीतीला त्यात आधार सापडत नाही.

मिरज ही शंभराहून अधिक वर्षांची दवाखान्यांची नगरी. कर्नाटकातूनही लोक तिथे उपचारासाठी येतात. तिथल्या आणि साताऱ्याच्या डॉक्टरांना, फिजिओथेरपिस्टना एक विनंती: गुडघा तपासताना ‘सायकल चालवता का?’ हा प्रश्न विचारा, आणि उत्तर हो आलं तर पुढच्या वेळी सायकल सोबत आणायला सांगा. पेशंटला तिच्यावर बसवून बघितलं की निम्मं निदान समोर दिसतं.

सायकल दुकानदारांनो, पंक्चरवाल्या मामांनो, तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक सायकलच्या मालकाला बिल देण्याआधी सीटवर बसवा, टाच पायडलवर ठेवायला सांगा आणि उंची लावून द्या. ‘सीटची उंची मोफत लावून मिळेल’ अशी पाटी दुकानावर लावा. आणि कासला निघणाऱ्या प्रत्येक ग्रुपने येत्या शनिवारी संध्याकाळी अर्धा तास आधी जमून एकमेकांच्या सीट तपासाव्यात. ज्याचा गुडघा दुखतोय त्याला रविवारी घाटात नेऊ नका, त्याच्यासोबत सपाटीवर कुणीतरी एकाने जावं.