फॉन्टची उसनवारी

नाशिकला सीबीएस बसस्थानकाच्या आसपास, कोर्टाच्या बाजूला, टायपिंग आणि डीटीपीची जी छोटी ऑफिसं आहेत, तिथे चार-पाच संगणक एकमेकांना जोडलेले असतात. त्यातल्या एकाला ‘सर्व्हर’ म्हणायचं. तो सगळ्यात जुना असतो, पण कधी बंद करायचा नाही एवढाच त्याचा मान. त्याच्यावर शेअर केलेलं एक फोल्डर असतं आणि त्यात सगळे फॉन्ट. बाकीच्या यंत्रांवर फॉन्ट नुसता शॉर्टकटने बसवायचा, अशी सोय विंडोजमध्ये आहे. जागा वाचते, नवा फॉन्ट आला की एकदाच टाकायचा. व्यवस्था झकास.

फक्त तो सर्व्हर झोपला की सगळ्या टेबलांवरचा मजकूर एकाच वेळी रोमन होतो. कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच अक्षरं पडद्यावर उभी राहतात. पक्षकार घाबरतो, ऑपरेटर घाबरत नाही. त्याला सवय आहे.

ही पाच अक्षरं आली कुठून? ती फाइलमध्ये पहिल्यापासून होतीच. मराठी फाइलमध्ये नव्हतीच कधी, ती फॉन्टमध्ये होती; रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रं बसवलेली. कृतीदेवची घरं वेगळी, श्रीलिपीची वेगळी, आकृतीची आणखी वेगळी. म्हणून फाइलबरोबर फॉन्टही पाठवावा लागतो, पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॲपवर, नाहीतर त्या सामायिक फोल्डरमधून. त्यात एकाच नावाच्या दोन आवृत्त्या निघाल्या तर ओळ सरकते, पान वाढतं आणि दाव्याची अनुक्रमणिका चुकते. छापखानेवाला म्हणतो, ‘कर्व्ह करून पाठवा.’ मग अक्षरांचं चित्र होतं आणि पत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ कायमचा चुकलेला राहतो. शिवाय विकतचा फॉन्ट सहसा ठरावीक संगणकांपुरताच असतो. फोल्डरमधून तो अख्ख्या ऑफिसला वाटणं म्हणजे काय, हे मालकाला ठाऊक असतं. तो विषय काढत नाही.

यावर उपाय युनिकोड, त्यात देवनागरी अक्षरांना स्वतःची घरं आहेत; त्याच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तरी ही उसनवारी चालू आहे, याचं खापर ऑपरेटरच्या आळसावर फोडायची पद्धत आहे. ती आम्हाला मान्य नाही. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. र. कृ. जोशींसारख्या जाणत्या माणसाने केलेला, पण पडद्यासाठी केलेला. निमंत्रणपत्रिकेवर तो कोण घेणार? त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. मराठी वळणाची ही अक्षरं शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ठरवून दिली, पण निर्णयाने अक्षर देखणं होत नाही. आणि पानं जुळवायच्या ज्या पेजमेकरवर या लोकांचे हात बसले, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची; युनिकोडची जोडाक्षरं तिला जुळवता येत नाहीत. ऑपरेटरने शहाणपणानेच जुनं धरून ठेवलं.

आता मात्र ती सबब उरलेली नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या गटाचा मुक्ता आहे, खास मराठी वळणांचा तिरो देवनागरी मराठी आहे. सगळे मोफत. मुक्ता आणि तिरोचा परवाना तर खुला आहे: दहा यंत्रांवर टाका, गिऱ्हाइकाला फाइलबरोबर द्या, कोणी विचारणार नाही. वाटायचेच तर हे वाटा, आणि प्रत्येक यंत्रावर नीट बसवा, शॉर्टकटने नको. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याच गावात साधी नोटीस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर धड पोचू नये, हे जरा अतीच.

नवं काम युनिकोडमध्ये उद्यापासून करता येईल. अडचण आहे ती वीस वर्षांच्या जुन्या फाइलींची. बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि ‘ऱ्य’ इथे ती हमखास घसरतात. कोणीतरी बसून ओळ न् ओळ वाचायला हवी, आणि त्या वाचणाऱ्याची मजुरी कुठल्याच कोटेशनमध्ये धरलेली नसते.