भगिनी म्हणवून घेण्याआधी



माझी नात यंदा अमेरिकेत कॉलेजला गेली. तिकडेच जन्मलेली, पण मराठी छान बोलते. ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आजी, मी सोरोरिटीत जाऊ का? आई नको म्हणते, बाबा म्हणतात जा, ओळखी होतील, पुढे नोकरीला उपयोग होईल."

मी सोरोरिटी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. तिने समजावून सांगितलं. तिकडच्या अनेक विद्यापीठांत ग्रीक अक्षरांच्या नावांची मंडळं असतात. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. मुलांच्या मंडळांत मुलींना जागा नव्हती, म्हणून १८७० साली इंडियानात चौघींनी कॅपा अल्फा थीटा हे मंडळ काढलं. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी अल्फा कॅपा अल्फा सुरू केलं. कमला हॅरिस याच मंडळाच्या. १९९८ साली टेक्सासात आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियाई मुलींनीही स्वतःची मंडळं काढली. मला हे आवडलं. आपली महिला मंडळं तरी दुसरं काय करतात?

माझी पहिली काळजी तुमच्यासारखीच होती. जेवणाचं काय? कंदमुळं, रात्रीचं जेवण, दारू? कळलं की बहुतेक मोठ्या सोरोरिटींच्या घरात दारूला मनाई आहे. पार्ट्या होतात त्या मुलांच्या घरी. तेव्हा नुसता घराचा नियम विचारून भागत नाही.

पण खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. नव्या सभासदाला आत घेताना काही ठिकाणी त्याची 'परीक्षा' घेतात. दारू पाजणं, जागवणं, अपमान करणं. याला तिकडे हेझिंग म्हणतात. २०१७ साली पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत १९ वर्षांच्या मुलाला अशीच भराभर दारू पाजली. तो जिन्यावरून पडला. घरात इतकी मुलं असून जवळजवळ बारा तास कोणी मदत बोलावली नाही. मुलगा गेला.

तुम्ही म्हणाल, हे तर आपलं रॅगिंगच. त्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. पण एक फरक आहे. रॅगिंग होणारा मुलगा तिथे शिकायला आलेला असतो, ते त्याने मागितलेलं नसतं. इथे मूल स्वतः दार वाजवतं. आपल्याला घ्यावं म्हणून हो हो म्हणत जातं. बळजबरी दिसत नाही, म्हणून ती ओळखूही येत नाही.

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन शब्द लहानपणापासून कानावर पडतात. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि होताना बघून मान डोलावलेलं. कर्म तिन्हींनी बांधतं. यंदा जी मुलगी सोसते, ती पुढच्या वर्षी ताई होऊन दुसरीला सोसायला लावते, आणि बाकीच्या गप्प बघतात. त्या बारा तासांत त्या घरात किती जणांनी नुसतं बघितलं असेल! मला नातीच्या त्रासाइतकीच भीती तिच्या गप्प बसण्याची वाटली.

म्हणून मी 'नको' म्हटलं नाही. तीन गोष्टी सांगितल्या. एक, खर्च लिहून काढ. मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही. वर्गणी, राहणं, जेवण, कपडे, सगळं चार वर्षांचं मांड. दोन, २०२४ च्या डिसेंबरात तिकडे केंद्राचा कायदा झाला, त्यानुसार कॉलेजांना हेझिंगच्या प्रकरणांचा अहवाल जाहीर करावा लागतो. कॉलेजच्या वेबसाइटवर तो शोधून वाच. तीन, विचार की पहिले काही आठवडे नव्या मुलींना काय करावं लागतं. त्यांची गुप्त खूण, गुप्त मंत्र असू दे, त्याने कोणाचं बिघडत नाही. पण जे घरी सांगता येणार नाही असं काही करायला लावत असतील, तर ते घर आपलं नाही.

तिने विचारलं. तिला सगळ्यात आवडलेल्या घरातली मुलगी हसून म्हणाली, "ते आत आल्यावरच कळतं." नातीने ते घर सोडलं. रडली. तिच्या दोन मैत्रिणी तिथेच गेल्या, आणि शनिवारी संध्याकाळी ही खोलीत एकटी असते. माझ्या सल्ल्याची किंमत ती मोजते आहे, हे मला कळतं. वाईट वाटतं. तरी सल्ला चुकला असं वाटत नाही. जानेवारीत ती एका लहान मंडळाला भेटणार आहे. तिथल्या मुलींनी सगळं कागदावर लिहून दिलं.

आता आपल्याविषयी. मुलं घरी सांगत नाहीत, कारण आपण आधी रागावतो. पार्टीत कोणी बेशुद्ध पडलं आणि आपली मुलगी तिथे असली, तर "आई काय म्हणेल" या भीतीने ती गप्प बसेल. म्हणून नातीला शेवटचं सांगितलं, "बाळा, आधी रुग्णवाहिका बोलव, मग मला फोन कर. तू तिथे का होतीस, हे मी आठ दिवस विचारणार नाही."

तुमच्या मुली-नातींना तुम्हीही एवढं सांगून ठेवा.